किती तास?

चीफना एखादी वस्तू मनापासून आवडली आहे हे ओळखायची एकच खूण आहे. ते तिच्यात खोट काढायला बसतात. नावडत्या वस्तूला ते ‘छान आहे’ म्हणून मोकळे होतात. आमच्या सोसायटीत ज्याला ज्याला चीफनी ‘छान आहे’ म्हटलं, त्याच्यावर वर्षभरात कपाळाला हात लावायची वेळ आली. तिसऱ्या मजल्यावरच्या इन्व्हर्टरने पहिल्याच पावसाळ्यात मान टाकली, तेव्हा मालक जाब विचारायला आले. चीफ शांतपणे म्हणाले, “तुम्ही दाखवलात, मी बघितला. तपासा असं कुठे म्हणालात?”

काकूंकडे याचा जुना पुरावा आहे. “मला बघायला आले तेव्हा यांनी पोह्यांची दुसरी बशी मागितली. आई हरखून गेली. लग्नानंतर कळलं, दुसरी बशी पहिलीसारखीच उतरते का ते बघत होते.” चीफ हे नाकारत नाहीत. एकदा तर त्यांनी पुस्ती जोडली, “दुसऱ्या बशीत मीठ किंचित वर होतं. पण लिमिटमध्ये.”

चीफ मूळचे देवगडकडचे. मिसरूड फुटायच्या आत आर्टिफिसर म्हणून नौदलात गेले, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत यंत्रं शिकले आणि मग विशाखापट्टणमला जुन्या रशियन बनावटीच्या फॉक्सट्रॉट पाणबुड्यांच्या इंजिनरूममध्ये उकडून निघाले. तीन डिझेल इंजिनं, तीन शाफ्ट आणि अंघोळीच्या नावाने शिमगा. नोकरीची शेवटची वर्षं मात्र चाचण्यांत गेली. गोदीतून दुरुस्त होऊन आलेली पाणबुडी समुद्रात न्यायची आणि ती दुरुस्त झाली आहे हे गोदीचं म्हणणं कितपत खरं, ते ठरवायचं. या कामाने माणूस कायमचा बिघडतो. मिक्सर असो, भाचीला सांगून आलेलं स्थळ असो की निवडणुकीचा जाहीरनामा असो, चीफचा पहिला प्रश्न ठरलेला: “किती तास चाललं?”

आणि दुसरा: “चालवलं कोणी?”

वेग किती, ताकद किती, हे ते कधीच विचारत नाहीत. ते विकणारा न विचारता सांगतो, असा त्यांचा अनुभव आहे.

ही एकट्या चीफची खोड नव्हे. ही एक जातच आहे, प्रत्येक नौदलात सापडते, आणि ती जगते शोधकांवर. पाणबुडीच्या मागे जितके शोधक लागले तितके दुसऱ्या कुठल्या वाहनाच्या मागे क्वचितच लागले असतील. “पाणबुडीचं सगळं दुखणं नाकात आहे,” असं चीफ सांगतात. डिझेलला हवा लागते आणि पाण्याखाली हवा नाही. म्हणून खाली बॅटरीवर चालायचं, बॅटरी उतरली की वर येऊन पाण्याबाहेर नळी काढायची, डिझेल सुरू करून बॅटरी भरायची, आणि तेवढा वेळ आपण कुठे आहोत ते शत्रूला कळू नये म्हणून देवाचा धावा करायचा. या नाकावरचं औषध शोधण्यात जगातल्या हुशार डोक्यांनी शंभराहून जास्त वर्षं घालवली. प्रत्येक वेळी पहिला घोट मात्र चीफच्या जातीतल्या कुणाला तरी घ्यावा लागला.

हेल्मुट वाल्टर या जर्मन इंजिनिअरचं नाव निघालं की चीफ मांडी बदलून बसतात. वाल्टरची युक्ती खरोखर नामी होती. तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड घ्यायचं, उत्प्रेरकावरून सोडायचं. त्याची वाफ होते आणि ऑक्सिजन सुटतो. त्या ऑक्सिजनमध्ये इंधन जाळायचं, टर्बाइन फिरवायचं. बाहेरच्या हवेशी संबंधच नाही. महायुद्ध संपता संपता जर्मनांनी स्वतःच्याच हाताने बुडवलेली अशी एक पाणबुडी, यू-१४०७, ब्रिटिशांनी वर काढली, इंग्लंडात बॅरोच्या गोदीत नेली, मीटिऑराइट असं तिचं बारसं केलं आणि खुद्द वाल्टरलाही त्याच्या माणसांसकट तिथेच आणून बसवलं. काही वर्षं ती चालवून पाहिली. तिच्यावर शेरा पडला, ‘७५ टक्के सुरक्षित’.

या शेऱ्यावर चीफचा फार जीव आहे. “एकोणीस माणसांची पाणबुडी,” ते बोटांवर हिशेब करतात, “म्हणजे सव्वाचौदा माणसं सुरक्षित. उरलेली पावणेपाच कोण, ते रोज सकाळी ठरवायचं.”

एवढ्यावर ब्रिटिश थांबले नाहीत. पेरॉक्साइडवरच्या दोन पाणबुड्या त्यांनी नव्याने बांधल्या. एक्सप्लोरर १९५४ साली पाण्यात उतरली, एक्सकॅलिबर १९५५ साली. पाण्याखाली ताशी २५ सागरी मैलांच्या वर पळायच्या. त्या काळच्या बॅटरीवरच्या पाणबुड्यांनी नुसतं बघत राहावं असा तो वेग. पेरॉक्साइड ठेवलेलं कुठे, तर मुख्य सांगाड्याच्या बाहेर, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. केस पिंगट करायलाही हेच पेरॉक्साइड लागतं, म्हणून खलाशी या जोडगोळीला ‘ब्लाँड’ म्हणायचे, आणि एक्सप्लोररचं त्यांनी ‘एक्स्प्लोडर’ करून टाकलं होतं. कधीकधी आत कसल्याशा वाफा कोंडत आणि सगळ्यांना वर येऊन पाठीवर उभं राहावं लागे. हवा न लागणारी पाणबुडी, आणि तिची माणसं हवा खायला बाहेर.

आपण इथे हसतो. चीफ हसत नाहीत. “सगळे वर आले ना? मग चाचणी यशस्वी.” यंत्र नापास झालं म्हणजे चाचणी फुकट गेली, असं समजणाऱ्यांची त्यांना कीव येते. १९५५ च्या जूनमध्ये पोर्टलंड बंदरात सिडन नावाच्या पाणबुडीत पेरॉक्साइडचा टॉर्पेडो फुटून १३ माणसं गेली. २००० साली रशियाच्या कुर्स्कवर तसाच टॉर्पेडो फुटला आणि ११८ जण गेले. हे सांगताना चीफ आवाज चढवत नाहीत, तारखा तेवढ्या सांगतात. रशियनांनी मधल्या काळात पाण्याखाली द्रव ऑक्सिजनवर डिझेल चालवून पाहिलं होतं. त्या पाणबुड्यांना त्यांचे खलाशी ‘लायटर’ म्हणत. “खलाशी नावं ठेवतात ती आधी वाचावीत, रिपोर्ट मग,” हे चीफचं मत.

शोधकाला टाळ्या हव्या असतात, चीफना रात्रीचे पावणेतीन हवे असतात. हे आमच्या सोसायटीला बोअरवेलच्या मोटरमुळे कळलं.

एका उन्हाळ्यात जुनी मोटर जळाली. मीटिंगमध्ये सेक्रेटरी सहज बोलून गेले, “नवी पाणबुडी मोटरच टाकू.” चीफ कमिटीत नव्हते, पण हा शब्द कानावर पडल्यावर त्यांना कोण अडवणार? विक्रेता डेमोला आला. बटण दाबलं, पाइपातून बोटभर जाड धार उसळली, पोरं भिजली, बायकांनी टाळ्या वाजवल्या, खजिनदारांनी चेकबुक काढलं.

“किती तास?” मागून आवाज आला.

“काका, दोन वर्षांची गॅरंटी आहे.”

“गॅरंटी नाही विचारली. तास विचारले. आणि बटण तू दाबलंस. रोज तू येणार आहेस का?”

मग चीफनी पाठकोऱ्या कागदावर चाचणीचा तक्ता आखला. सलग चोवीस तास. दर तासाला अँपिअर, धार आणि मोटरचा आवाज यांची नोंद. मध्ये एकदा लाइट गेल्यासारखं करायचं. आणि रात्री पावणेतीनला मोटर बंद करून परत चालू करायची ती विक्रेत्याने नाही, मिस्त्रीने नाही, गाढ झोपेतून उठवलेल्या वॉचमनने, अंधारात, एका हातात टॉर्च धरून. “पाणबुडीत ती चालवणारा ज्याने बनवली तो नसतो,” चीफ म्हणाले. “पाळीवरचा झोपाळू पोरगा असतो.”

पावणेतीनला पंपरूमजवळ आम्ही चौघं होतो. बनियनमधले सेक्रेटरी, मी, पेंगणारा वॉचमन आणि पांढऱ्याशुभ्र शर्टातले चीफ, इस्त्रीसकट. वॉचमनने चाचपडत बटण दाबलं. मोटर सुरू झाली. सेक्रेटरी “झालं” म्हणून वळले.

“ये लाल बत्ती?” चीफनी विचारलं. पॅनेलवर एक बारीक लाल दिवा लागला होता.

“वो तो ऐसेच जलता है, साब. मिस्त्री बोला, उधर ध्यान नहीं देने का.”

चीफनी मोटर बंद केली. खिशातून टेस्टर काढून पॅनेल उघडलं आणि टॉर्च सेक्रेटरींच्या हातात दिला. बोअरमधलं पाणी खाली गेलं की मोटर आपोआप थांबवणारं जे यंत्र असतं, त्याला मिस्त्रीने पिवळ्या वायरचा वीतभर तुकडा जोडून ‘डायरेक्ट’ करून टाकलं होतं. का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. डेमोच्या आदल्या संध्याकाळी ते सारखं मोटर बंद पाडत होतं.

आणि मग पंपरूमच्या पायरीवर बसून, रात्री तीन वाजता, चीफनी आम्हाला के-१३ सांगितली. वॉचमनसाठी मध्ये मध्ये हिंदीतून.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना मोठ्या युद्धनौकांच्या बरोबरीने पळणारी पाणबुडी हवी होती. त्या वेळच्या डिझेलला तो वेग झेपत नव्हता. म्हणून त्यांनी तिला वाफेवर चालवलं. बॉयलर, टर्बाइन आणि वर दोन धुराडी. पाणबुडीला धुराडी! बुडी मारायच्या आधी ती आडवी पाडायची, इंजिनरूमला हवा देणाऱ्या मोठ्या झडपा लावून घ्यायच्या, एवढी भोकं बुजवून मग खाली जायचं. २९ जानेवारी १९१७ या दिवशी स्कॉटलंडच्या गेअरलॉक खाडीत के-१३ ताब्यात देण्यापूर्वीच्या चाचणीला निघाली. आत ८० माणसं, त्यांत बांधणाऱ्या गोदीचीही होती. बुडी मारली आणि इंजिनरूममध्ये पाणी शिरलं. चार झडपा उघड्याच राहिल्या होत्या. ३२ जण गेले. वाचलेल्या ४८ जणांतले बहुतेक दोन दिवसांहून जास्त काळ तळाशी अडकून होते.

“दर्शक नव्हता का?” सेक्रेटरींनी विचारलं.

“होता ना.” चीफ उठले आणि विझलेल्या लाल दिव्यावर बोट ठेवून म्हणाले, “झडपा उघड्या आहेत असंच तो दाखवत होता.”

कुणी काही बोललं नाही. चीफच पुढे म्हणाले, की ती पाणबुडी वर काढली, दुरुस्त केली, नंबर बदलून के-२२ म्हणून परत नौदलात घेतली, आणि पुढल्याच वर्षी ती आपल्याच के-१४ वर जाऊन आदळली. वॉचमन हे सगळं मन लावून ऐकत होता. गोष्ट संपल्याची खात्री झाल्यावर तो उठला.

“तो साब, अब मोटर चालू करूँ?”

विक्रेत्याने कुरकुर करत नवं पॅनेल बसवून देईपर्यंत दोन दिवस टँकर मागवावा लागला. त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये लागले. तिसऱ्या मजल्याने चीफशी बोलणं टाकलं, खजिनदारांनी ‘काही सभासदांच्या आडमुठेपणामुळे’ असं नोटीस बोर्डावर लिहिलं. चीफनी ती नोटीस उभं राहून पूर्ण वाचली आणि तिच्यातली तारखेची चूक पेनने दुरुस्त करून खाली सही केली.

एवढा सोशिकपणा यांच्यात कुठून आला, असा प्रश्न मला पडायचा. उत्तर टीव्हीच्या कपाटात आहे. तिथे नातवंडांच्या फोटोंमध्ये अमेरिकन ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांचा मासिकातून कापलेला फोटो आहे, कपाळाला आठी घालून बसलेला. काकू म्हणतात, “माझ्या सासऱ्यांचा फोटो आतल्या खोलीत, आणि हा कोण परका बाहेर!” पण चीफ गुरू मानतात ते यांनाच. अणुशक्तीवरच्या पहिल्या पाणबुडीचं, नॉटिलसचं इंजिन रिकोव्हरनी आधी आयडाहोच्या वाळवंटात उभं केलं. समुद्र शेकडो मैल लांब, आणि भोवती उजाड माळ असलेल्या शेडमध्ये पाणबुडीचा तुकडा, त्यातल्या रिॲक्टरच्या कप्प्याला वेढून पाण्याची टाकी. १९५३ च्या जूनमध्ये ते पूर्ण ताकदीवर चालवलं. चोवीस तास झाले, इंजिनिअर म्हणाले, पुरे, हवी ती माहिती मिळाली. रिकोव्हर म्हणाले, चालू ठेवा. भिंतीवर अटलांटिकचा नकाशा लावला आणि दर पाळीला त्यावर जागा मांडत गेले. मध्येच उपकरणं कुरकुरू लागली, कंपनीची माणसं थांबा म्हणाली, हे ऐकेनात. चार दिवसांनी नकाशावरची पाणबुडी आयर्लंडला लागली आणि मगच बटण बंद झालं.

“वाळवंटातून आयर्लंड!” चीफ सांगतात आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला येतं तसलं.

पण त्यांचा खरा आवडता अध्याय दुसरा आहे. नॉटिलसच्या पाठोपाठ अमेरिकेने सीवुल्फ बांधली. तिच्या रिॲक्टरमध्ये उष्णता वाहून न्यायला पाण्याऐवजी वितळलेलं सोडिअम. कागदावर पाण्यापेक्षा सरस. फक्त सोडिअमला पाणी लागलं की भडका उडतो, आणि पाणबुडी तर पाण्यातच असते. तिच्या वाफेच्या यंत्रणेत गळती निघाली. तेवढा भाग वगळून, ताकद कमी करून ती चालवली. आणि चालली! १९५८ साली सलग ६० दिवस पाण्याखाली राहून दाखवलं. लोकांनी कौतुक केलं. रिकोव्हरनी ते इंजिन उपटून काढायला लावलं आणि नॉटिलससारखं पाण्याचं बसवलं. सोडिअमचं इंजिन महाग होतं, गुंतागुंतीचं होतं, आणि बारीकशा बिघाडालाही फार दिवस बंद ठेवावं लागे.

“चालत होतं,” चीफ एकेक शब्द तोलून म्हणतात, “तरी काढलं.” न चालणाऱ्या यंत्राला नको म्हणायला परीक्षक कशाला लागतो? ते तर पोरंही म्हणतील. चालणाऱ्या यंत्राला, टाळ्या चालू असताना, नको म्हणायला छाती लागते. मला हे पटतं. फक्त असा माणूस आपल्या जिन्यात राहायला असू नये असंही वाटतं.

अणुइंजिनांवर इतकं रंगात आलेलं पाहून एकदा चौथ्या मजल्यावरच्या इंजिनिअर पोराने विचारलं, “काका, मग आपली अरिहंत?” चीफनी त्याच्याकडे पाहिलं. “कांदे काय भावाने मिळाले रे आज?” त्यानंतर त्या विषयावर त्यांच्या तोंडून कांद्याखेरीज काही निघालं नाही.

पाणबुडीच्या नाकावर अलीकडे जी सौम्य औषधं निघाली आहेत, त्यांच्याबद्दल मात्र ते मोकळेपणाने बोलतात. स्वीडनची स्टर्लिंग इंजिनं, जर्मनांचे फ्युएल सेल. अणुपाणबुडीसारखी पळवत नाहीत, पण मंद गतीने दोन-दोन आठवडे वर न येता राहू देतात. आणि हेच औषध आपल्याकडे बनतं कुठे, तर आमच्या अंबरनाथला. डीआरडीओची नौदलाच्या सामग्रीवर काम करणारी प्रयोगशाळा इथेच आहे. तिने फॉस्फोरिक ॲसिडचा फ्युएल सेल केला. लागणारा हायड्रोजन टाक्यांत भरून न्यायचा नाही, तिथल्या तिथे तयार करायचा. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी पार पडली, दीर्घकाळ चालवून आणि पूर्ण ताकदीवर चालवून. आम्ही मास्क लावून चीफकडे पेढे घेऊन गेलो. चीफनी पेढा घेतला, बातमी वाचली आणि म्हणाले, “जमिनीवर.” पेढ्याबद्दल काही बोलले नाहीत.

२०२४ च्या डिसेंबरअखेर माझगाव डॉकशी करार झाल्याची बातमी आली. ही यंत्रणा सामावणारा पाणबुडीचा आख्खा कप्पा बांधायचा आणि पाणबुडीत जोडायचा, सुमारे १,९९० कोटींचं काम. चौथ्या मजल्यावरचा पोरगा पेपर नाचवतच आला. “काका, आता तरी छान म्हणा!”

“मेल्या, छान म्हणून वाटोळं करू काय त्याचं?” चीफनी पेपर ओढून घेतला आणि कानामागची पेन्सिल काढली. पाणबुडी मधोमध कापायची, नवा कप्पा घालायचा, परत सांधायची. वजन बदलणार, तोल बदलणार, बुडी मारतानाची चाल बदलणार. समासात खुणा पडू लागल्या. ॲसिड आहे, मग नाक खाली घालून तिरकी गेली तर? सेल गरम असतो, मग शेजारच्या कप्प्यातल्या पोराने झोपायचं कसं? हायड्रोजन कुठे मुरला तर पहिल्यांदा कळणार कुणाला?

“अहो काका, पण एवढी मोठी माणसं आहेत तिथे. त्यांनी हे सगळं बघितलं नसेल का?”

“बघितलं असेल. तिथे बंद पडलं तर दार उघडून चहाला जाता येतं. आत असलेल्याने कुठे जायचं?” चीफनी आणखी एक खूण केली आणि मान वर केली. “तू एक काम कर. तुझ्या आईला विचार, मोटर कधी चालू केली.”

“आत्ताच. पाच-सात मिनिटं झाली असतील. का?”

चीफनी पेपरची घडी घातली, चपला सरकवल्या आणि जिन्याकडे निघाले. वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज अजून आला नव्हता.